बिननावाची पुडी

पेटीच्या आत शांतता होती, आणि तीच उत्तरेश्वरला सहन होत नव्हती. भिंतींना करडा, छिद्राछिद्रांचा फोम, कानांवर हेडफोन, हातात वायरला लटकलेलं बटण, काचेपलीकडे मान खाली घालून बसलेली मुलगी. ‘आवाज आला की बटण दाबा, काका,’ असं सांगून तिने दार लावलं, त्याला किती वेळ झाला होता? आवाज तर दार लागण्यापूर्वीपासूनच येत होता. बारीक, अखंड, पत्र्यावरून नख ओढत न्यावं तसा. हा तिच्या यंत्राचा की आपला, हे त्याला ठरवता येईना. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दाबूनच धरलं.

मुलीने मान वर केली आणि दार उघडलं.

“काका, मी अजून काहीच लावलेलं नाही.”

अर्ध्या तासाने कानाच्या डॉक्टर अवनी यांनी आलेख त्याच्यापुढे ठेवला. डावीकडून सरळ आलेली रेघ उजवीकडे एकदम खाली घसरली होती.

“वरच्या पट्टीतले आवाज गेलेत. काम काय करता?”

“तांबट. कसब्यात. हंडे, घंगाळं. चाळीस वर्षं झाली.”

“म्हणजे चाळीस वर्षं हातोडी. मग रेघ घसरणारच.” त्या लिहू लागल्या, आणि थांबल्या. “पण कानात वाजणं कधीपासून?”

“दिवाळीनंतर. आठ महिने झाले.”

“हातोडी चाळीस वर्षांची आणि शिट्टी आठ महिन्यांची. दुसरं काही औषध चालू आहे?”

“पाठीसाठी पुडी आहे.”

“कसली?”

“आमच्या डॉक्टरांची.”

“हो, पण कसली?”

पुडीला नाव असतं, हे आजवर त्याच्या मनातच आलं नव्हतं. डॉक्टर शरच्चंद्र काचेच्या बरणीतून गोळ्या काढत, कागदाच्या चौकोनावर ठेवत, चार घड्या घालत आणि म्हणत, सकाळ-संध्याकाळ, जेवून. बावीस वर्षं. आत काय आहे हे कुणी विचारत नसे. विचारणं म्हणजे जेवायला वाढणाऱ्याला, यात काय घातलंय, असं विचारण्यासारखं.

“काही वेदनाशामकांनी कानात वाजतं,” अवनी म्हणाल्या. “तसं असेल तर ते बंद केल्यावर बऱ्याचदा थांबतंही. पण नाव कळल्याशिवाय मी काही सांगणार नाही. परस्पर बंदही करू नका.” आणि त्यांनी छापील कागद पुढे केला. पाच औषधं आधीच छापलेली होती. वरची मोकळी रेघ तेवढी त्याच्या नावाने भरली.

“यांनी थांबेल?”

“थांबेलच असं नाही. काहींना बरं वाटतं. शेवटची झोपेची आहे. तिची सवय लागू शकते, जपून घ्या.”

बाहेर बाकावर एक बाई तसाच कागद पदराने वारा घेतल्यासारखा हलवत बसल्या होत्या. उत्तरेश्वरने वाकून पाहिलं. तीच पाच नावं, त्याच क्रमाने.

घरी आल्यावर त्याने दोन्ही औषधं शेजारी शेजारी ठेवली: एकीकडे नावं असलेला, पण कुणाचाही चालेल असा कागद, दुसरीकडे नाव नसलेली, पण फक्त त्याच्यासाठी घडी घातलेली पुडी. त्याने पुडी उघडली. दोन मोठ्या पांढऱ्या गोळ्या, अर्धी पिवळी.

“पूर्वी पांढरी एकच असायची ना?” त्याने विचारलं.

“दिवाळीच्या ऑर्डरीच्या वेळी पाठ धरली म्हणून तुम्हीच कुरकुर केलीत,” त्याची बायको सुनीती भाजी निवडता निवडता म्हणाली. “त्यांनी पुडी जड केली. तुम्हाला बरं वाटलं. आता बरं वाटल्याचीही तक्रार आहे का?”

“घंगाळ चिरलं, सुनीती.”

तिचा हात थांबला. एवढं तिलाही कळत होतं. ठोकत ठोकत तांबं कडक होत जातं, आणि एका क्षणी त्याचा नाद आखडतो. तेव्हा हातोडी खाली ठेवून भांडं भट्टीत तापवायचं, पुन्हा मऊ करायचं. हा क्षण डोळ्यांना दिसत नाही. तो कानच सांगतो. गेल्या आठवड्यात कानाने सांगितलं नाही. काठ ओठासारखा फाटला. त्या दिवसापासून प्रत्येक ठोक्यानंतर तो थांबत होता, ऐकत होता, आणि ऐकू येत होती ती फक्त कानातल्या शिट्टीची रेघ. तीन भांडी अर्धवट पडली होती. एकालाही हात लावायचं धाडस होत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलेलं असूनही त्याने तीन दिवस पुडी घेतली नाही. पहिल्या दिवशी काहीच फरक नाही. दुसऱ्या दिवशी पाठ आवळली. तिसऱ्या दिवशी दुपारी, आळीतले हात जेवणासाठी थांबले असताना, रेघ जरा विरळ झाल्यासारखी वाटली. धुतलेल्या कापडावर डाग फिका व्हावा तशी. की वाटली असं वाटलं? खात्री करून घ्यायला तो ऐरणीपुढे बसायला गेला आणि वाकताच कण्यातून असा जाळ गेला की सुनीतीने खांदा देऊन त्याला उठवलं. कान परत आले तर पाठ बसू देणार नाही. पाठ बसली तर कान ऐकू देणार नाहीत. तो खोलीत फेऱ्या घालू लागला. दार ते खिडकी, खिडकी ते दार.

“एवढ्या येरझारा घालण्यापेक्षा त्यांनाच जाऊन विचारा,” सुनीती म्हणाली. “माणूस आहे. खाणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डॉक्टर शरच्चंद्रांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. दोन रोगी आटोपेपर्यंत त्याने चार वेळा जागा बदलली.

“बस रे. का उभा?” डॉक्टरांनी सवयीने बरणीकडे हात नेला.

“डॉक्टर, या पुडीत काय असतं?”

हात बरणीवरच राहिला.

“बावीस वर्षांनी सुचलं?”

“कानात वाजतंय. त्या बाई म्हणाल्या, औषधाने वाजू शकतं.”

“अच्छा. बाई म्हणाल्या.” डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “आणि बाईंनी काय दिलं? पाच औषधांचा छापील कागद, बरोबर? त्यातल्या चारांचा उपयोग त्यांनाही ठाऊक नाही. पाचवं तुला झोपवेल. झोपलेल्या माणसाच्या कानात वाजत नाही, हे खरंच आहे म्हणा.”

“पण त्यांनी नावं लिहून दिली.”

डॉक्टरांनी बरणी फिरवून तिची मागची चिठ्ठी त्याच्याकडे केली.

“ॲस्पिरिन. घे, कळलं नाव? पिवळी पोटासाठी. दिवाळीत मात्रा वाढवली. तूच गळ घातलीस.”

“याने कानात वाजतं?”

“पुस्तकात लिहिलंय. पुस्तकात सगळंच लिहिलेलं असतं. अरे, तुझ्या आळीत कुणाच्या कानात वाजत नाही? तुझ्या बापाच्या वाजत होतं, माझ्याकडेच यायचा तो. त्याला कुठली पुडी होती?”

हे खरं होतं. वडील अखेरच्या वर्षांत माशी हाकलावी तसा कानाजवळ हात हलवत. उत्तरेश्वरला क्षणभर हलकं वाटलं. मग हातोडीचंच असेल. मग पुडी चालू ठेवायची, पाठ सांभाळायची, आणि नाद विसरून नुसत्या अंदाजाने ठोकायचं. पण तिसऱ्या दुपारची ती विरळ झालेली रेघ मनातून जाईना.

“तीन दिवस घेतली नाही, तर कमी झाल्यासारखं वाटलं.”

“वाटलं!” डॉक्टर करवादले. “घातक असती तर मी स्वतः घेतली असती?” त्यांनी शर्टाच्या खिशातून तशीच चार घड्यांची पुडी काढून टेबलावर टाकली. “हे माझे गुडघे. अकरा वर्षं झाली. याच बरणीतली, तुझ्याएवढीच मात्रा. दोन पांढऱ्या, अर्धी पिवळी. मेलो का?”

उत्तरेश्वरने त्या पुडीकडे पाहिलं. मग डॉक्टरांच्या हातांकडे. मऊ, नखं कापलेले, आयुष्यात स्टेथोस्कोपहून जड काही न धरलेले हात. पुडी तीच, पण हातोडी नाही. आपल्याला हवं असलेलं उत्तर जगात फक्त या एका माणसापाशी आहे, हे त्याला अचानक दिसलं.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “तुम्ही तर कधी हातोडी धरली नाही.”

“मग?”

“तुमच्या कानात वाजतं का?”

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तपासत असल्यासारखं. बाहेर कुणीतरी खोकलं. त्यांनी पुडी उचलून पुन्हा खिशात ठेवली, टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकले, एक गुडघा, मग दुसरा असं करत उठले, आणि पडदा बाजूला करून आतल्या खोलीत निघून गेले.