न बुडवलेला घास

नवऱ्यामागोमाग तिने सँडविचवालीच्या दुकानात पाय ठेवला आणि ती दारातच थबकली. चार टेबलं, काउंटरवर पावांची चळत, आणि त्या चळतीशेजारी झाकण घातलेला एक भलामोठा डबा. तिला धडकी भरली ती त्या डब्याची. बसमध्ये बसल्यापासून ती मनाशी घोकत होती, की दुकानदार समोरच कांदा चिरेल, वांगं भाजेल, कशात काय पडतंय ते आपण डोळ्यांनी टिपून घेऊ. इथे मात्र सारण घरूनच कालवून आणलेलं होतं. ते पावात भरायचं, तव्यावर ठेवायचं आणि वरून लोखंडी ठोकळ्याने दाबायचं, एवढंच काय ते काम. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. राहता राहिली जीभ, आणि ती तर तापातून उठल्यापासून संपावर गेली होती.

गोड नाही, खारट नाही, वास नाही. साखर खाल्ली काय नि वाळू खाल्ली काय, तिला सारखंच. दीड महिना तिने हे नवऱ्यापासून लपवलं होतं, आणि लपवायला तसं कारणही होतं. त्यांची खानावळ चालायची ती तिच्या जिभेवर. गिऱ्हाइकं तिला ‘तराजू’ म्हणायची. नवरा तर गल्लीभर मिरवायचा, ‘हिने कुठलाही पदार्थ एकदा खाल्ला की झालं, दुसऱ्या दिवशी आपल्या ताटात!’ ताप उतरल्यावर तिला वाटलं होतं, चव आज येईल, उद्या येईल. ती आली नाही, पण हातांनी लाज राखली. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप मीठ टाकत होते आणि कुणाची तक्रार नव्हती. त्या हातांचाच तिला काय तो आधार उरला होता.

आता मात्र हातांच्या भरवशावर निभण्यासारखं नव्हतं. जागामालकाने खानावळ खाली करायला लावली होती आणि परवाच किल्ल्या त्याच्या हातावर ठेवून झाल्या होत्या. नवी आशा एकच. हमरस्त्यावरच्या एका लॉजच्या मालकाला स्वयंपाकघर चालवायला माणसं हवी होती. तो मूळचा या गावचा, आणि त्याची अटही तशीच. ‘माझ्या गावचं सँडविच उद्या सकाळी मला खाऊ घाला. हुबेहूब जमलं तर स्वयंपाकघर तुमचं.’ नाही जमलं तर दोघांनी कुठे जायचं, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

“सारणात काय घालता हो?” नवऱ्याने काउंटरवर रेलून साळसूदपणे विचारलं.

“ते सोडून काहीही विचारा,” सँडविचवाली हसली. “सख्ख्या नणंदेलाही सांगितलेलं नाही.”

“राहू द्या, राहू द्या. आमच्याकडे आमचा तराजू आहे.”

तिला वाटलं, उठावं आणि सरळ बसस्टँड गाठावा.

ताटली आली. जाड गोल पाव, बाहेरून तांबूस, मधोमध कापलेला, कडांतून वाफ निघतेय. सोबत एक वाटी पाणी. हात धुवायला असेल, असं समजून तिने वाटी बाजूला सरकवली. मग नेहमीप्रमाणे डोळे मिटले. त्यांची पद्धत ठरलेली होती. तिने एकेक जिन्नस सांगायचा आणि नवऱ्याने शाळेतल्या पोरासारखा तो मागून म्हणायचा. त्याला चवीवरून जिन्नस ओळखता यायचा नाही, पण एकदा म्हटलेलं तो विसरायचा नाही.

तिने घास घेतला. पाव कुरकुरला. आत काहीतरी मऊ, काहीतरी दाताखाली फुटणारं.

“भाजलेलं वांगं,” ती म्हणाली. हे मऊपणावरून.

“भाजलेलं वांगं.”

“तळलेला कांदा. अक्रोड, भरड कुटलेले.”

“कांदा. अक्रोड भरड.”

एकाएकी नाकात झिणझिण्या उठल्या आणि डोळ्यांत पाणी आलं. जीभ मेली होती, पण ठसका अजून कळत होता. “मोहरी वाटलेली!” ती जवळजवळ ओरडलीच. दीड महिन्यात पहिल्यांदा एखाद्या घासाने तिला उत्तर दिलं होतं. तिला इतकं बरं वाटलं की तिची भीड चेपली.

“आणि मीठ?” नवऱ्याने विचारलं.

“अगदी बेताचं. इतकं नेमकं मीठ मी फार कमी ठिकाणी खाल्लंय.”

तवा पुसणारी सँडविचवाली थांबली. “अहो ताई, मीठ कुठलं? सारण अळणीच असतं आमचं. त्या वाटीत आंबट-खारं पाणी आहे, त्यात बुडवून खायचं. तुम्ही अजून बुडवलंच कुठेय!”

तिने डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर नवऱ्याचं तोंड बघावं लागलं असतं. पलीकडच्या टेबलाशी कुणीतरी खुर्ची सरकवली.

“तापापासूनच ना?” नवरा हळूच म्हणाला.

तिने डोळे उघडले. “तुम्हाला माहीत होतं?”

“रश्शात मीठ दोनदा पडलं होतं त्या दिवसापासून. मी त्यात पाणी वाढवलं. मग रोजच, तू भाजी निवडायला मागे गेलीस की सगळी पातेली चाखून बघायचो. कधी मीठ घालायचो, कधी बटाटा टाकायचो.”

“रोज?”

“बहुतेक रोज.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तिचे हातही चुकतच होते! ज्या हातांच्या जिवावर तिने दीड महिना काढला, ते हातसुद्धा हा माणूस मागून सावरत होता. “आणि इथवर आणलंत मला? तमाशा करायला?”

“वाटलं, तू सांगशील. आज सांगशील, उद्या सांगशील.” त्याचा आवाज पडला. “आणि खरं सांगू? मला वाटलं, नवं काही खाल्लंस तर येईलही चव. बसमध्ये मी देवाकडे तेच मागत होतो.”

राग कुठे ठेवावा ते तिला कळेना. मनात भीती होती, ती तिने बोलून टाकली. “नाहीच आली तर? मग मी कोण हो? तराजू तर नाहीच.”

मग तिनेच वाटी पुढे ओढली आणि दुसरा अर्धा भाग त्याच्यासमोर सरकवला. “बुडवा आणि खा. तुम्ही चव सांगायची, मी ओळखायचं.”

“मला कुठलं जमतंय ते!”

“खा म्हणते ना.”

त्याने काठ बुडवला आणि भला मोठा घास घेतला. चावता चावता तो सावकाश झाला. कपाळावरच्या आठ्या उतरल्या. दुसरा घास त्याने न सांगताच घेतला. ती टक लावून बघत होती. तिनेही आपला तुकडा बुडवून खाल्ला. गरम वाफ, कुरकुरीत कड, अक्रोड आणि नाकात चढणारी मोहरी, एवढं तिच्या वाट्याला आलं आणि तेवढं तिने मन लावून चाखलं.

“बोला की.”

“चांगलं आहे गं,” तो म्हणाला. “फारच चांगलं आहे.” घास तसाच गालात, आणि डोळ्यांतून पाणी. मोहरीचं ते नव्हतं. इतकं चांगलं काहीतरी हिच्यासमोर आहे आणि ते आपल्या एकट्यालाच लागतंय, हे त्याला सहन झालं नाही.

तिने पदराने त्याचे गाल पुसले, जरा जोरातच.

“रडायचं ते बसमध्ये रडा. आंबट कुठे लागतंय, जिभेच्या कडेला की घशाशी?”