पस्तानाचा तांब्या

मित्रांनो, मी पितळेचा फिरकीचा तांब्या. वय झालंय माझं, कबूल. पण कुणी मला भंगार म्हटलेलं मला खपत नाही! तांबटाने ठोकून ठोकून माझं पोट गोल केलं, झाकणाला आटे पाडले आणि शेगावच्या बाजारात निवृत्तीरावांनी मला विकत घेतलं. पाणी भरून, झाकण फिरवून त्यांनी मला उलटं धरलं. थेंबही गळला नाही. तेव्हा ते बायकोला, तानुबाईंना म्हणाले, "हा आपल्या जल्माचा सोबती." केवढा फुगलो होतो मी!

बीबी गावातल्या त्यांच्या घरी माझा रुबाब होता. लग्न असो की जत्रा, पिशवीत आधी मी. तानुबाई मला चिंचेने असं लख्ख घासायच्या, की त्यांना माझ्यात स्वतःचं कुंकू दिसायचं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. लोणारला आलेल्या एका बैराग्याने निवृत्तीरावांना मानसरोवराविषयी सांगितलं आणि त्यांना ध्यासच लागला. मित्र शेषरावही तयार झाले. घोंगड्या आल्या, कानटोप्या आल्या. डोंगर चढायची सवय हवी म्हणून दोघे लोणारला जायचे. वर कड्यातून पडणाऱ्या धारेचं गोड पाणी माझ्यात भरायचे, खाली खाऱ्या सरोवरापर्यंत उतरायचे आणि पुन्हा चढायचे. निवृत्तीरावांची काठी दगडांवर टक् टक् वाजायची. हेच धारेचं पाणी मानसरोवरात सोडायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

शेषराव धापा टाकत म्हणायचे, "काऊन एवढा पळून राह्यला बे? हिमालय कुठी पळून चालला काय?"

"तो नाही पळत, आपलं वय पळते," निवृत्तीराव हसायचे.

निघायचा मुहूर्त वैशाखातला होता. नेमके त्याच दिवशी निवृत्तीराव तापाने फणफणले. अशा वेळी आमच्याकडे पस्तान ठेवतात. म्हणजे माणसाला निघता आलं नाही, तर त्याची एखादी वस्तू मुहूर्तावर वाटेवरच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास सुरू झाला असं धरायचं. मग ती वस्तू माघारी आणायची नाही. माणसाने जाताना तिथूनच उचलायची. तानुबाईंनी धारेच्या पाण्याने भरलेल्या मला शेषरावांच्या घरच्या कोनाड्यात ठेवलं. "निघाले बरं का आमचे मालक," असं म्हणून त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसत घरी गेल्या.

निवृत्तीराव त्या तापातून उठले नाहीत.

पुढे सरहद्दीवर लढाई झाली आणि मानसरोवराची वाटच बंद झाली. घोंगड्या शेतावर राखणीला गेल्या. मला मात्र कुणी हात लावेना. अंगावर धूळ साचली, झाकण आट्यांत गच्च बसलं. आणि एका भर दुपारी, सगळी गल्ली चिडीचूप असताना, काठी वाजली. टक्, टक्. ओट्यापर्यंत आली आणि थांबली. माझ्या पोटातलं पाणी ऐन उन्हाळ्यात बर्फासारखं गार पडलं. निवृत्तीरावांची काठी तर त्यांच्या सरणावर गेली होती हो!

मग रोजच दुपारी तसं होऊ लागलं. शेवटी शेषरावांनी तानुबाईंना बोलावून घेतलं.

"वैनी, हा तांब्या घेऊन जा. निवृत्ती रोज येते, दारात उभा राह्यते. मले घास उतरत नाही."

"मंग देत काऊन नाही त्याईले?"

"कसा देऊ? घ्यायले हात कुठी हायेत त्याले?"

तानुबाई कोनाड्यापाशी आल्या. पदराने माझ्यावरची धूळ पुसली.

"माघारी नेला तं त्याईची वाट मोडते. इथंच ठेवला तं ते घरचे ना दारचे. पस्तान मीच ठेवलं, मीच पोचवते."

"मानसरोवर बंद हाय, वैनी!"

"आपलं लोणारचं तं बंद नाही ना?"

मला पोटाशी धरून त्या सरोवराची उतरण उतरल्या. मागे शेषराव होते. आणि त्यांच्याही मागे काठी वाजत होती. तानुबाईंनी ती ऐकली, पण वळून पाहिलं नाही. काठाशी येऊन त्यांनी झाकणाला हात लावला मात्र, ते अलगद फिरलं.

"घ्या मालक. वर जाता नाही आलं, खाली आलो आपण."

गोड पाणी खाऱ्या पाण्यात गेलं. काठी थांबली.

तानुबाईंनी मला घरी आणलं, घासलं, चुलीजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या उंबऱ्यात कान देऊन बसल्या. तिसऱ्या दिवशीही बसल्या. गल्लीत कुठेच काही वाजलं नाही.

"आता नाही येत ते," त्या मला म्हणाल्या आणि हमसून हमसून रडल्या. मला फार वाईट वाटलं.

मग एक दिवस त्यांनी लोणारहून धारेचं पाणी आणलं, मला काठोकाठ भरलं आणि पुन्हा शेषरावांच्या कोनाड्यात नेऊन ठेवलं.

"आता हे कोणाचं पस्तान?" शेषरावांनी विचारलं.

"माहं. उचलायले मी येईन."

मित्रांनो, तानुबाई गेल्या, शेषरावही गेले. या घरात आता शेषरावांची नातवंडं आहेत आणि मला मोडीत घालायचं चाललंय. पोरांनो, घासा मला, पुसा मला, पण आतलं पाणी मोरीत ओतू नका. जुन्या वस्तूवर कुणाचा तरी हक्क राहिलेला असतो. भर दुपारी दारात कुणी उभं असल्यासारखं वाटलं, तर भिऊ नका. लोणार काही लांब नाही. मला तेवढं सरोवरापर्यंत पोचवा. आज दुपारपासून माझ्या पोटातलं पाणी गार पडलंय.