डाव्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या

मी पेटी बोलतेय, भांडुपच्या मिशनच्या शाळेतली प्रार्थनेची पेटी. जरा हळूच बोलते, कारण उजवी बिजागरी सैल झालीय आणि आवाज चढवला की झाकण खडखडतं. अकरा वर्षांची आहे मी. लाकडाला हे काही वय नव्हे म्हणा, पण मी काही एका जागी बसून जुनी झालेली नाही. दर शुक्रवारी नवं घर, नवी माणसं. थकले हो, खरंच थकले.

जन्म माझा शाळेतच झाला. एका मोडक्या बाकाच्या फळीतून चंद्रप्रकाश सुताराने मला केलं. आतल्या बाजूला अजून कर्कटकाने कोरलेलं ‘कृणाल’ दिसतं. कोण हा कृणाल, मला ठाऊक नाही. पण बाहेरून मला पॉलिश आहे आणि झाकणाला चिठ्ठी टाकायची फट आहे. “बीस साल कुछ नहीं होगा,” म्हणत चंद्रप्रकाशने माझ्या पाठीवर थाप मारली होती. त्याला काय माहीत मला कुठे कुठे राहायचंय!

माझी कल्पना पद्मजाबाईंची. पाचवी-सहावीच्या ख्रिस्ती मुलांचा शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तास त्या घेतात. बाकीची मुलं तेव्हा मूल्यशिक्षणाला जातात. बाईंचं म्हणणं असं, की शुक्रवारच्या पस्तीस मिनिटांत देव काही मुलांच्या मनात उतरत नाही, त्याला घर लागतं. म्हणून मी दर शुक्रवारी एका मुलाबरोबर त्याच्या घरी जायचं. रोज संध्याकाळी सात वाजता घरातल्या सगळ्यांनी माझ्याभोवती बसायचं, प्रार्थना करायची आणि प्रत्येकाने देवासाठी एक ओळ लिहून माझ्यात टाकायची. पुढच्या शुक्रवारी मी परत. किती छान ना? ऐकायला सगळंच छान असतं.

आता खरं सांगू? एका घरी पहिल्याच दिवशी मेणबत्ती लावून माझा फोटो काढला, चर्चच्या ग्रुपवर टाकला, चाळीस जणांनी हात जोडले, आणि मग सहा दिवस मी वॉशिंग मशीनवर. दुसऱ्या एका आईला माझी आठवण शुक्रवारी सकाळी रिक्षात झाली. खड्ड्यांतून जाता जाता तिने सात दिवसांच्या चिठ्ठ्या मांडीवर खरडल्या. मी कुणाला नावं ठेवत नाही. माणसं दमून घरी येतात, त्यांना आधी बसू तर द्या! पण शाळेत तरी माझं काय व्हायचं? बाई तीन चिठ्ठ्या वाचायच्या, मुलं डोळे मिटायची, दोन मिनिटांत आमेन. मग बाई गणिताच्या पेपरांचा गठ्ठा माझ्यावर ठेवून तपासायला बसायच्या. त्यांच्यामागेही काय कमी व्याप आहेत? तीन वर्गांचं गणित, वर सर्वेक्षणाची कामं. त्यांच्याही नाकी नऊ आलेले.

तर या वर्षी पावसाळा सरला आणि मी पगाऱ्यांच्या घरी गेले.

मनाली पगारे, पाचवीतली. हडकुळी, दोन वेण्या, बोलायला चुरूचुरू. वडील माणिक, पवईच्या एका ऑफिसात सिक्युरिटीचे सुपरवायझर. संध्याकाळी सव्वासहाला बाइकला किक मारली की ते सकाळीच परत. आई नमिता मुलुंडच्या एका दुकानात साड्या दाखवते. ती सकाळी अकराला निघते ती रात्री दहालाच दारात. मनाली दुपारी शाळेतून येते तेव्हा वडील डोक्यावर चादर घेऊन झोपलेले असतात. आता सांगा, या घरात संध्याकाळी सात वाजता माझ्याभोवती कोण बसणार?

पहिल्या दिवशी तिने मला टेबलावर ठेवलं, खाली रुमाल अंथरला. सकाळी माणिकराव आले आणि माझ्यावर हेल्मेट ठेवून झोपायला गेले. “पप्पा, ती पेटी...” असं ती म्हणाली, तर “नंतर बाळा, नंतर,” आणि घोरायलाच लागले. आईला सांगितलं, तर ती डबा भरता भरता म्हणाली, “अगं, शाळेचं आहे ना, मग तूच कर ना. मला का मधे घेतेस?”

संध्याकाळी सातला मनालीने शेजारच्या जानकीमावशींना हाक मारली. मावशी मालवणकडच्या. घरात कुणी नसलं की मनालीवर त्यांचंच लक्ष असतं.

“मावशी, बसा ना माझ्याबरोबर. एकटीने नाही चालत, बाई म्हणाल्यात.”

“बसतंय गो. पण माका तुमचा काय एक येणा नाय.”

“नुसते डोळे मिटा.”

“ता माका येता,” म्हणत मावशी पदर सावरून खाली बसल्या.

दोघींनी डोळे मिटले. मनाली मनापासून बोलली, अगदी मनापासून, माझी खात्री आहे. मग मावशी कुकर बघायला उठल्या आणि पोरीने वही पुढे ओढली. पेन्सिलीने एक चिठ्ठी लिहिली, तिची स्वतःची. मग हिरव्या पेनाने गोल गोल अक्षरांत दुसरी, आईची. आणि मग निळं पेन डाव्या हातात धरून, जीभ दातांत दाबून, तिसरी. वडिलांची!

मी चक्रावलेच. अकरा वर्षांत खोट्या चिठ्ठ्या खूप खाल्ल्या मी, पण त्या सगळ्या मोठ्यांच्या. पोरीने आईबापांच्या नावाने लिहावं, हे पहिल्यांदाच. आणि काय लिहिलं होतं? ‘देवा, मी नमिताशी मोठ्याने बोलतो त्याची क्षमा कर.’ दुसऱ्या दिवशी, ‘देवा, रविवारी मला झोप येऊ नये, मला मनालीबरोबर चर्चला जायचं आहे.’ तिसऱ्या दिवशी, ‘देवा, माझी मुलगी हुशार आहे हे मला कळू दे.’

मला तिचा राग आला नाही हो. जीव तुटला. बक्षिसासाठी नव्हतं ते. मी रिकामी परत गेले, तर पगाऱ्यांच्या घरी प्रार्थना होत नाही असं वर्गात म्हणतील, एवढीच तिला धास्ती.

शुक्रवारी बाईंनी मला उघडलं. इतर घरांतून चार-पाच चिठ्ठ्या निघतात. इथे अठरा! बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि चूक झाली ती इथे. बाईंनी भर वर्गात मनालीला उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हणाल्या, “उद्याच्या पालकसभेत मनालीचे पप्पा साक्ष देतील, घरातल्या प्रार्थनेबद्दल. असं घर पाहिजे!” लगेच फोनही लावला.

“काय केलं हिने?” पलीकडून झोपेतला आवाज.

“अहो, काही नाही. तुम्ही दोघं या तर खरं, नऊ वाजता.”

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. मधल्या सुट्टीत ती एकटीच माझ्याजवळ आली. उजव्या हाताने, पेन्सिलीने, घाईघाईत एक चिठ्ठी लिहिली: ‘देवा, उद्या पप्पांना डबल ड्युटी लागू दे. प्लीज.’ चिठ्ठी टाकली आणि पुटपुटली, “एवढं ऐक. नाही ऐकलंस तर मी परत कधीच तुझ्याशी बोलणार नाही.”

दहा वर्षांची पोर, पण थट्टेत बोलत नव्हती. मी देवाची कोण लागते? कुणीच नाही, फळी नुसती. तरी त्या दिवशी मीही मागणं मागितलं.

आमचं दोघींचंही ऐकलं गेलं नाही. शनिवारी नऊ वाजता माणिकराव ड्युटीनंतर न झोपताच हजर, युनिफॉर्मसकट, डोळे लालभडक. नमिता मनालीशेजारी बसली. हॉलमध्ये पन्नाससाठ पालक. बाईंनी हिरव्या पेनाच्या चिठ्ठ्या नमिताच्या हातात दिल्या, निळ्या पेनाच्या माणिकरावांच्या. “तुमच्याच आहेत. एखादी वाचून दाखवा आणि मग बोला.”

“सलाम मंडळी,” माणिकराव म्हणाले. “मला बोलायची सवय नाही, गेटवर उभं राहायची आहे.” लोक हसले. मग त्यांनी पहिली चिठ्ठी वाचली, मनातल्या मनात. दुसरी वाचली. तिसरीला थांबले ते थांबलेच. मनालीने मान इतकी खाली घातली की वेण्या मांडीवर आल्या. मला वाटलं, आता संपलं. हा माणूस ‘हो, माझ्याच’ म्हणाला, तर पोर आयुष्यभर समजेल की हे सगळं नाटकच असतं. आणि ‘नाही’ म्हणाला, तर पन्नास लोकांसमोर ती खोटारडी ठरेल. माझ्यातर्फे कुणीतरी बोला रे!

“बाई,” ते म्हणाले, “हे अक्षर माझं नाही.”

हॉलमध्ये कुजबुज झाली.

“ही पेटी आठवडाभर माझ्या घरात होती. मी हिच्यावर हेल्मेट ठेवायचो. काय आहे म्हणून विचारलंसुद्धा नाही. मी लिहायला पाहिजे होतं, ते माझ्या पोरीने लिहिलं. आणि यातलं एक पण वाक्य चुकीचं नाही.” त्यांनी चिठ्ठ्यांची घडी घातली. “तिला मिशनच्या शाळेत घातलं ना, तेव्हा मी बायकोला म्हटलेलं, चला, एक काम कमी झालं. देवाचं काय ते शाळा बघेल. लाज वाटते आता.”

“माझंही लिहून टाकलं हिने,” नमिता जागेवरूनच म्हणाली. “माझ्याकडे हिरवं पेनच नाही.” तिला रडायला येत होतं आणि हसायलाही.

पद्मजाबाई खुर्चीतून उठल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही म्हणालात शाळा बघेल. आणि मी इथे म्हणते, घरी होतच असेल. शास्त्राच्या तासाला मी गणिताचे पेपर तपासते, माणिकराव. मुलं बघतात ते. चुकलं माझं.” टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतली, रिक्षात चिठ्ठ्या लिहिणारी ती आई चपलांकडे बघत बसली होती.

सभा संपल्यावर मनालीने वडिलांच्या शर्टाची बाही ओढली. “घरी गेल्यावर ओरडणार ना?”

“ओरडतो ते पण लिहिलंयस की तू,” ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

बाईंनी मला पुन्हा त्यांच्याच हवाली केलं. “सातचा नियम काढून टाका. तुम्ही तिघं एकत्र कधी असता?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खरंच आठवेना त्यांना. शेवटी नमिता म्हणाली, “सकाळी सहा वीस. हे येतात, ही निघते. वीस मिनिटं. पण मी चपात्या लाटत असते.”

“मग लाटता लाटता करा. आणि चिठ्ठ्या सुचल्या तर लिहा, नाहीतर राहू द्या. शुक्रवारी मी पेपर आणणार नाही, हे माझ्याकडून.”

तशी मी सोमवारपासून ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी. माणिकराव स्टुलावर बसून दोन वाक्यं बोलायचे, अडखळत. नमिता एक बोलायची. मनाली मात्र ओठ घट्ट मिटून. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. तिने सांगितलंच होतं ना, परत बोलणार नाही म्हणून. देवाने तिची डबल ड्युटी मान्य केली नव्हती! वडील तिच्याकडे बघायचे आणि चहा प्यायचे. मला वाटलं, सगळं होऊनही ही पोर हातची गेलीच.

गुरुवारी माणिकराव फारच दमून आले. स्टुलावर बसले, डोळे मिटले. “प्रभू, आजच्या दिवसासाठी तुझे आभार. माझी नमिता... माझी मनाली... त्यांना...” आणि आवाज बंद. मान छातीवर. गाढ झोप! नमिताचं लाटणं थांबलं. ती त्यांना हलवणार, तेवढ्यात मनालीने ओठांवर बोट ठेवलं. बापाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग डोळे मिटले आणि अगदी हळू, ते जागे होऊ नयेत अशा आवाजात म्हणाली, “त्यांना सांभाळ. आणि पप्पांना पण. त्यांना झोप मिळू दे. आमेन.”

बस, एवढंच. सहा चाळीसला ती दप्तर घेऊन निघाली.

मी आता लायब्ररीच्या टेबलावर आहे. दुपारी नवं घर. बिजागरी कधी तुटेल सांगता येत नाही, आणि चंद्रप्रकाश गावी गेलाय तो आलेला नाही. माझी एकच विनंती आहे. मला घरी नेलंत तर माझ्यासाठी वेळ काढू नका. तुमचा जो काही थकलेला, उरलासुरला वेळ असेल, त्यातच मला बसू द्या. आणि मुलांना शाळेवर टाकू नका, शाळेने घरावर टाकू नये. त्या दोघांच्या मधल्या जागेत फार एकटं वाटतं, मी अकरा वर्षं तिथेच आहे.

आज बाईंनी पेपर आणले नव्हते. मला उघडलं तर पूर्ण आठवड्याची एकच चिठ्ठी. बाईंनी ती मोठ्याने वाचली नाही. दोनदा मनात वाचली, घडी घातली आणि मनालीच्या हातात दिली. ओबडधोबड अक्षर, उजव्या हाताचं, माणिकरावांचं स्वतःचं:

‘देवा, बोलता बोलता झोप लागली. पुढचं पोरीने म्हटलं असेल, ते माझंच समज.’