गाळलेली तीन मिनिटे

मी एक जुना प्रवाहमापक आहे. ‘सदोष’ हे विशेषण मला नंतर लागले. ते कसे लागले हे सांगण्यापूर्वी, मित्रांनो, मी काय काम करतो ते सांगतो. ज्याचे काम ठाऊक नाही, त्याला दोष देणे फार सोपे असते.

माझ्या दांड्याभोवती शंकूच्या आकाराच्या सहा वाट्या आहेत. पुलावरून मला दोरीने कालव्यात सोडतात. मी वाहून जाऊ नये म्हणून खाली माशाच्या आकाराचे शिशाचे वजन बांधलेले असते. पाणी वाट्यांना ढकलते, मी फिरतो आणि दर फेरीला वर उभ्या असलेल्या माणसाच्या कानात ‘टिक्’ असा आवाज होतो. मिनिटाला किती टिक् वाजल्या, त्यावरून पाण्याचा वेग काढतात. मला पाणी कळत नाही. सत्यही कळत नाही. मी फक्त फिरतो.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण माझ्या फिरण्याला अर्थ आला तो एका लांबलचक हौदात. तेथील निश्चल पाण्यातून मला ठरावीक वेगाने ओढत नेले आणि कोणत्या वेगाला मी किती फिरतो, याचे कोष्टक एका पिवळ्या कार्डावर लिहिले. ते कार्ड फक्त माझे. दुसऱ्या मीटरला ते चालत नाही. कार्डाच्या मागे एक ओळ होती : ‘फिरकी, चार मिनिटे.’ कोरड्या हवेत बोटाने एकदा फिरवल्यावर मी थांबेपर्यंत जो वेळ जातो, ती माझी फिरकी. दोन मिनिटांच्या वर असेल तर मीटर कामाचा, एका मिनिटाच्या आत आली तर मोडीत.

तीस वर्षे मी पुण्यातील कालव्याचे पाणी मोजले. एकदा तपासणीला आलेले अधिकारी म्हणाले, “हा मीटर मोजणाऱ्यापेक्षा प्रामाणिक दिसतो.” सगळे हसले, मोजणारा जरा उशिरा हसला. पुढे ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र आले आणि मी कपाटात गेलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते यंत्र माझ्याहून चांगले होते. पण ते बिघडले, दुरुस्तीला गेले आणि सहा महिने परतले नाही. त्याच सहा महिन्यांत तरन्नुम कार्यालयात इंटर्नशिपसाठी आली.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या या मुलीला सार्वजनिक पाणी व्यवस्थापनातच नोकरी करायची होती. तिच्या मैत्रिणी हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत मुलाखती देत होत्या. “पाणी कुठून येतं हे न कळता मी कंपनीच्या बसमध्ये दोन-दोन तास बसणार नाही,” असे ती म्हणे. उपअभियंता दीनानाथ साहेबांनी तिला काम दिले : दोन पुलांमधील चार किलोमीटरच्या पट्ट्यात कालव्याची गळती मोजायची. त्या पट्ट्याची दुरुस्ती नुकतीच झाली होती.

तिने मला कपाटातून काढले तेव्हा मी गंजून घट्ट झालो होतो. ती मला थेट भवानी पेठेत, तिच्या वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. इम्तियाजभाईंनी डोळ्याला भिंग लावून मी जिच्यावर फिरतो ती टोकदार खुंटी पाहिली.

“हे तर घड्याळच आहे,” ते म्हणाले. “काटे तेवढे नाहीत.”

“अब्बा, हा बरोबर सांगेल ना?”

“बरोबर कुणीच सांगत नाही, बेटा. भिंतीवरचं ते बघ, दिवसाला चार मिनिटं मागं पडतं. पण रोज चारच. किती चुकतो हे जो लपवत नाही, तो इमानी.”

हौदावरच्या शास्त्रज्ञांनी मला याहून अचूक काही शिकवले नव्हते. दोन संध्याकाळी खपून इम्तियाजभाईंनी मला साफ केले, घड्याळाच्या तेलाचा एक थेंब दिला आणि बोटाने फिरवले. हातातील घड्याळाकडे पाहत ते माझ्यासमोर बसून राहिले. “तीन मिनिटं चाळीस सेकंद. लिही.” तरन्नुमने ते माझ्या कार्डावर लिहिले. त्या दिवशी मी माझे वय विसरलो.

आम्ही मोजायला लागलो. वरच्या पुलावर सेकंदाला आठ घनमीटर पाणी जात होते. खालच्या पुलावर सव्वासात. माझ्या मोजणीत शंभरात पाचापर्यंत चूक संभवते. ही तूट नऊच्या वर होती. तरन्नुमने लगेच विश्वास ठेवला नाही. चार वेगवेगळ्या दिवशी मोजले. आधी खालचा, मग वरचा पूल घेऊन मोजले. दोन्ही काठ पायी तुडवून पाणी उचलणारा पंप शोधला. एकही सापडला नाही. शेवटी माझीच परीक्षा घ्यायला तिने कालव्यात संत्री सोडली आणि ती किती वेळात पुढच्या खुणेपाशी पोचतात ते पाहिले. संत्र्यांचा वेग माझ्या आकड्यांशी जुळला. मला राग आला नाही. शंका घेणे हा अपमान नसतो; मोजण्याच्या धंद्यात तो आदर असतो.

कालव्याच्या भरावाखाली राहणाऱ्या यमुनाबाई हे पाहत होत्या. वाशिमकडून मुलांसोबत आलेल्या या बाईंच्या घराची मागची भिंत भरावाला लागून होती.

“काहून वं पोरी, खायाचं संत्रं पान्यात फेकतं?”

“मावशी, या यंत्रावर विश्वास ठेवावा का ते तपासते.”

“अन् संत्र्यावर हाय का इस्वास?”

“थोडा.”

“मंग मलेच इचार ना. दुरुस्ती झाली म्हनतात. माह्या भिंतीले कोनी सांगतलंच नाही.”

भिंत कमरेपर्यंत ओली होती. हात लावला की गिलावा सुटून येत होता. तरन्नुमने फोटो काढले आणि शब्द दिला, “अहवालात तुमच्या भिंतीचं नाव असेल, मावशी.” माझ्या वाट्यांतून तेव्हा पाणी ठिबकत होते. तो शब्द मीही ऐकला.

दीनानाथ साहेबांनी आकडे शांतपणे पाहिले. मी त्यांच्या टेबलावरच होतो.

“उत्तम काम केलंत आपण,” ते म्हणाले. “एकच अडचण आहे. हे खरं असू शकत नाही.”

“का सर?”

“कारण गळती थांबली, असं आपण मार्चमध्येच वर कळवलं आहे.”

“पण सर, चार वेळा मोजलंय.”

“मीटर जुना आहे ना? जुन्या वस्तूंचा हा एक उपयोग असतो.” त्यांनी चष्मा पुसला. “अहवाल शुक्रवारी हवा. आणखी एक. अकरा महिन्यांच्या करारावर एक जागा निघते आहे. तिची शिफारसही मी शुक्रवारीच पाठवतो. ही दोन वेगळी वाक्यं आहेत. एकत्र वाचू नका.”

तरन्नुमने ती एकत्रच वाचली. गुरुवारी दुपारी तिने मला टेबलावर उभे केले आणि बोटाने फिरवले. मी मनापासून फिरलो. ती घड्याळ पाहत होती, आणि मला खात्री होती की ती मला वाचवते आहे. मी थांबलो. तिने पेन उचलले. मग अहवालात लिहिले : ‘फिरकी, चाळीस सेकंद. उपकरण सदोष. मोजणी ग्राह्य धरू नये.’

मित्रांनो, तिने आकडा रचला नाही. मी तीन मिनिटे चाळीस सेकंद फिरलो होतो; त्यातले चाळीस सेकंद खरेच होते. तिने फक्त आधीची तीन मिनिटे गाळली. माझे पिवळे कार्ड तिने खणात ठेवले, फिरकीची ओळ खाली करून. दीनानाथ साहेबांनी माझा विश्वासघात केला असे मी म्हणणार नाही. त्यांनी माझ्यावर कधी विश्वास ठेवलाच नव्हता. विश्वासघात करायला आधी विश्वास लागतो, आणि तो तिच्यापाशी होता.

तिला जागा मिळाली. मला मोडीत काढण्याऐवजी कार्यालयाच्या दाराशी काचेच्या पेटीत ठेवले. पाटीवर लिहिले : ‘जुना प्रवाहमापक (सदोष). फिरकी ४० सेकंद.’

महिन्याभराने यमुनाबाई अर्ज घेऊन आल्या. माझ्या पेटीसमोरच्या दालनात तरन्नुमचेच टेबल होते.

“मावशी, ती मोजणी चुकीची निघाली. यंत्र बिघडलेलं होतं.”

यमुनाबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. “यंत्र बिघडलं व्हतं. बरं. अन् माही भिंतबी बिघडेल हाय का, म्हून तिले उगंच वाटते आपन ओली हाय?”

तरन्नुमने अर्जावर शिक्का मारला. नुसता पोच शिक्का.

त्याच आठवड्यात इम्तियाजभाई लेकीचे कार्यालय पाहायला आले. हातात मिठाईचा पुडा होता. पेटीपाशी ते थबकले, खिशातून भिंग काढून पाटी वाचली.

“हा आपला ना?”

“अब्बा, आत चला.”

“चाळीस सेकंद लिहिलंय.”

“छापताना चुकलं असेल. चला ना.”

पेटीला कुलूप नव्हते. त्यांनी झाकण उघडले, बोटाने मला फिरवले आणि मनगट डोळ्यांसमोर धरले. दालनातील माणसे वळून पाहू लागली. चाळीस सेकंद झाले. मी फिरतच होतो. एक मिनिट. दोन. तरन्नुमची नजर जमिनीवर होती. कोणी खोकले, कोणी फाइल उचलली. मी थांबलो.

“तीन मिनिटं बत्तीस,” इम्तियाजभाई हळूच म्हणाले. “थोडं तेल हवंय.” त्यांनी झाकण लावले. “बेटा, घड्याळं दुरुस्त करून तुला शिकवलं. वाटलं होतं, तूही मोजशील.”

पुडा टेबलावर ठेवून ते निघून गेले. तो कोणी उघडला नाही.

आता दर वर्षी नवे विद्यार्थी इंटर्नशिपसाठी येतात. तरन्नुम मॅडम त्यांना पेटीपाशी आणतात, पूर्वी पाणी कसे मोजत ते चांगले समजावून सांगतात आणि चटकन पुढे नेतात. पाटी तशीच आहे. यमुनाबाईंची भिंत आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. मी मोजलेले नाही, म्हणून सांगणार नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या या कामात याल. आम्हा यंत्रांना पुसून ठेवा, तेल द्या, आमची कार्डे हरवू नका. पण तेवढ्याने आमची निगा राखली असे समजू नका. आम्ही किती चुकतो ते लिहा, तेवढेच लिहा. पेटीला अजूनही कुलूप नाही. कधी आलात तर झाकण उघडा, एका बोटाने मला फिरवा, आणि मी थांबेपर्यंत मोजणे थांबवू नका.