उन्हात लागलेले चार दिवे

ऐक रे दोस्ता, मधी बोलू नको, नुसतं ऐक. मी आखाडा बाळापूरच्या एका लहान दवाखान्यातलं जुनं यंत्र हाय, नळीतून पेशंटच्या नाकात ऑक्सिजन देणारं. माझ्या छातीवर चार हिरवे दिवे हायेत. ते बॅटरीचा जोर बघून आपसूक लागतात अन् इझतात. शिट्टी तेवढी माझ्या हातात. बोलायला मला एवढंच तोंड.

दोन हजार पाच साली मी नवा आलो, तवा लई लाड झाले माझे. सिस्टर शितलताई रोज पुसायच्या, नांदेडला पेशंट न्यायचा म्हणलं की मला मांडीवर घ्यायच्या. पण लाइट सारखी जायची. कधी अर्धाच भरायचो, कधी तसाच उपाशी पडून राहायचो, अन् माझी बॅटरी आतून पोकळ होत गेली. मला कळत होतं रे, पण सांगू कोणाला?

एक दिवस तांड्यावरचा देविदास आपल्या आईला, रुक्माबाईला घेऊन आला. दम्यानं तिचा जीव कासावीस. नांदेडला न्यायचं ठरलं, अन् नेमकी लाइट गेलेली, माझे दोनच दिवे. जीप येईस्तोवर शितलताईंनी मला पायरीवर उन्हात ठेवलं.

"टॉर्चचे सेल न्हाई का आपण उन्हात ठेवत? जोर धरतात बराबर," त्या म्हणाल्या.

अंग तापलं अन् खरंच चारी दिवे लागले. भरलो मी जरा बी नव्हतो, नुसता गरम झालो होतो.

"चार हायेत, नांदेडापुढं बी पुरतंय," देविदास खुश.

जीप निघाली, नळी लागली तशी रुक्माबाईला तरतरी आली. "माझ्या लग्नात बी एवढे दिवे नव्हते," ती म्हणाली. मग मला कुशीत धरून, वर पदर टाकून झोपली. पदराखाली दिवे एकेक करून इझले, कोणाला दिसलं न्हाई.

आता माझा श्वास सरत आला होता. शिट्टी मारावी तर बाई दचकणार, अन् घाबरलेल्या माणसाला हवा जास्ती लागती. गप राहावं तर देविदासला कळणार कसं?

मी शिट्टी मारली.

रुक्माबाई दचकून उठली, छाती धरून तडफडायला लागली. देविदासनं मला थापडा मारल्या. "आत्ता चार दिवे होते, काहून खोटं बोलून राहिलं हे?" मग तांड्याच्या बोलीत आईला हाका मारायला लागला, "याडी, माझ्याकडं बघ, याडी."

"डोंगरकडा आलं," ड्रायव्हर वसराम बोलला. "गिरणी वाजून राहिली, म्हंजी लाइट हाय."

गिरणीवाल्यानं दळण थांबवलं, वायर दारापर्यंत ओढली. नांदेडहून सिलिंडर येईस्तोवर मी तिथंच तिला हवा देत बसलो. वाचली ती. पण सिलिंडर आल्याबराबर मला ढकलून म्हणाली, "ते ओरडणारं माझ्यापासून लांब न्या."

शितलताईंनी मला कपाटावर ठेवलं. "चार दिवे दाखवून दगा दिला यानं," त्या सगळ्यांना सांगायच्या. उन्हाचं कोणाच्या ध्यानात बी आलं न्हाई. बॅटरी बदलली असती तर झालं असतं रे. नुसते दिवे बघू नये, मधूनमधून चालवून बघावं, खरंच किती वेळ टिकतंय ते.

खाली सिलिंडरची गाडी येती-जाती. माझ्याकडं कोणी मान वर करून बघत न्हाई. खोटे दिवे लागले तवा मी लाडका, खरी शिट्टी मारली तवा दगाबाज.

रुक्माबाई तुला कुशीत धरून शांत झोपली असती अन् तुझा श्वास सरत आला असता, दोस्ता, तर तू काय केलं असतं?