साठ सेंटीमीटर बर्फ

आमच्या गावात गाडीकडे बघायचं नसतं. म्हणजे बघायचं, पण बघितल्यासारखं करायचं नाही. दर हिवाळ्यात कुठकुठल्या कंपन्या इथं स्वीडनच्या उत्तरेला, आर्येप्लोगला येतात, गोठलेल्या तळ्यांवर आपल्या उद्याच्या गाड्या घसरवून बघतात, आणि आम्ही त्यांना बर्फ तयार करून देतो. गाड्यांच्या अंगावर काळ्यापांढऱ्या नक्षीचा कागद चिकटवलेला असतो, आकार कळू नये म्हणून. कंपन्यांची नावंही आम्ही घेत नाही. जॅकेटच्या रंगावरून ओळखतो: लाल, करडे, निळे. पंपावर लाल आणि करडे शेजारी उभं राहून कॉफी पितात आणि गल्ल्यावरची पोरगी त्यांच्या गाड्यांकडे पाठ करून पैसे घेते. अळीमिळी गुपचिळी, यावरच गावाची चूल पेटते. कुणाच्या तोंडून चुकून काही निघालंच तर त्यानं म्हणायचं, "मी काही बोललो नाही," आणि समोरच्यानं म्हणायचं, "मी काही ऐकलं नाही." दार वाजवल्याशिवाय आत जाऊ नये हे जसं पोरांना शिकवतात, तसंच हेही शिकवतात.

माझ्याकडे निळे. धाकट्या तळ्याचा काठ आमचा, आणि नवरा होता तेव्हापासून तिथल्या बर्फाचं काम मीच बघते. निळ्यांची एकच गाडी माझ्याकडे येते, छोटी, गोलमटोल, विजेवर चालणारी. पहिल्या वर्षी कागदाच्या फटीतून तिचा हिरवा रंग दिसला आणि शेजारच्या हाल्वारनं तिचं नाव वाटाणा ठेवलं. कंपनीनं पुढं तिला काहीतरी भारदस्त नाव दिलं, पण आमच्यात ती वाटाणाच. बाजारात आली तशी मी एक घेतली. माझ्याच बर्फावर ब्रेक मारायला शिकलेली गाडी सोडून दुसरी कशाला घ्यायची? दर वर्षी निळे तिच्यात काही बदल करतात आणि नवा वाटाणा घेऊन पुन्हा माझ्याकडे येतात. असं गेली कित्येक वर्षं चाललं होतं.

नोव्हेंबरात रेडिओवर बातमी आली. वाटाणा बंद होण्याची शक्यता आहे. छोट्या गाडीत कंपनीला फायदा उरत नाही. पुढं तीन मोठ्या गाड्या येतील, उंच, जडशीळ, सात माणसं बसतील अशा. कंपनीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, अजून काही ठरलेलं नाही, आणि पुढच्या गाड्यांबद्दल आम्ही बोलत नसतो. मी कांदा चिरत होते. मनात म्हटलं, हे बोलणं तर तुम्ही आमच्याकडूनच शिकलात.

दुकानात हाल्वार टपूनच बसलेला.

"काय गं मायलिस, तुझा वाटाणा आता गुरुवारच्या सूपमध्ये जाणार म्हणे?"

"तुझी जीभ आधी टाकते त्यात. चव येईल."

"हस, हस. पण ईसाकला सांगितलंस का? पोरगं घर घेतंय इथं."

हसू गेलंच माझं. हाल्वारला चेष्टा करताना कुठं थांबावं ते कधी कळलं नाही, पण या वेळी त्यानं नेमकं दुखत्या जागी बोट ठेवलं होतं.

ईसाक माझा एकुलता एक. ल्युलिओच्या बंदरात क्रेन चालवतो. हिवाळ्यात रजा काढून माझ्याकडे बर्फाला यायचा, आणि त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. त्याच्या बायकोला, तूवाला, मार्चमध्ये बाळ होणार. दोघांनी ठरवलं होतं की बंदर सोडायचं, चर्चमागचं ओस्कार्सनांचं रिकामं घर घ्यायचं आणि निळ्यांचं काम ईसाकनं माझ्याकडून अंगावर घ्यायचं. शुक्रवारी बँकेत सह्या, सोमवारी बंदरात राजीनामा. बाळाचा पाळणा मी माळ्यावरून खाली काढून पुसूनही ठेवला होता. घरात पोराचं रडणं ऐकायला मी किती आसुसले होते ते माझं मलाच ठाऊक.

त्याआधीच्या रविवारी एकहार्ट आला. निळ्यांचा हा म्हातारा इंजिनियर दर वर्षी सगळ्यांच्या आधी तळं बघायला येतो आणि माझ्याच वरच्या खोलीत उतरतो. आमच्याकडे सगळे सगळ्यांना तूच म्हणतात, मीही त्याला पहिल्या दिवसापासून तू म्हणते, तो मला अजून तुम्ही म्हणतो. जर्मन माणूस, त्याला कोण सांगणार. वाटाण्यावर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव. पण या खेपेला आल्या आल्या त्यानं अंगणातल्या माझ्या गाडीच्या टपावर नेहमीसारखा हात ठेवला नाही. मी ते पाहिलं, आणि गावाच्या रिवाजाप्रमाणे पाहिलं नाही.

आम्ही तळ्यावर गेलो. मी गिरमिटानं भोक पाडलं, पट्टी घातली. पंधरा सेंटीमीटर. नोव्हेंबरच्या मानानं ठीक.

"जानेवारीपर्यंत किती होईल?" त्यानं विचारलं.

"दर वर्षी होतो तेवढा. तुला पस्तीस लागतो, मी चाळीस देते."

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साठ होईल?"

इथं थोडं सांगायला हवं. बर्फ किती जाड हवा हे गाडीच्या वजनावर ठरतं. वाटाण्याला पस्तीस पुरतो. साठ कोण मागतं? ज्याची गाडी हत्तीएवढी आहे तो. आकार कागदाखाली झाकता येतो, वजन कसं झाकणार? ते बर्फाला सांगावंच लागतं, आणि बर्फाच्या आधी बर्फवालीला. रेडिओला जे कळलं नव्हतं ते त्या दोन शब्दांत मला कळलं. वाटाणा संपला होता.

"इथं साठ होत नाही," मी म्हटलं. "खालून ओढा येतो. वरून कितीही पाणी ओता, ओढा तेवढा बर्फ खालून खातो. तुला हे ठाऊक आहे, एकहार्ट."

"ठाऊक आहे. पण मला विचारायला सांगितलंय. तुम्ही नाही म्हणालात, असं मी कळवीन. मग ते मोठ्या तळ्यावर जातील."

मोठं तळं गावाच्या पलीकडे. तिथं बर्फ मीटरभर होतो, आणि तिथल्या कंपनीकडे यंत्रं आणि माणसं उतू जातात. ईसाकची तिथं कुणाला गरज नाही.

"पुढच्या हिवाळ्यात मीही नसेन," तो म्हणाला. "गाडीबरोबर मलाही निवृत्त करतायत." नाक पुसलं त्यानं. थंडीनंही असेल. "मी काही बोललो नाही, मायलिस."

"मी काही ऐकलं नाही," मी म्हटलं. जिभेला सवयच ती.

सोमवारी तो गेला आणि माझं चित्त थाऱ्यावर राहीना. पडदे काढून धुतले. ते वाळायच्या आत पुन्हा लावले. गाडीला चार्जिंगची वायर लावून आले, अर्ध्या तासानं काढून आले, मग कशाला काढली म्हणून पुन्हा लावून आले. ट्रॅक्टरचं तेल बदललं, जे गेल्याच महिन्यात बदललं होतं. ईसाकला फोन केला आणि ओस्कार्सनांच्या नळांबद्दल बोलले. "नळ थंडीत फुटतात, बघून घे," म्हटलं. तो हसला, "आई, नळ काय नवीन टाकता येतात." फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडले. नळांचं काय घेऊन बसले होते मी?

मन मोठं वकील असतं. ते म्हणे, तुझी सही आहे निळ्यांकडे, गुप्ततेची. तू तुझ्या नवऱ्यालाही कधी काही सांगितलं नाहीस. तो जेवताना विचारायचा आणि तू त्याला बटाटे वाढायचीस. आता तोंड उघडलंस तर गावात काय किंमत राहील? तू गप्प राहा. पोरगं शुक्रवारी सही करेल, घर घेईल, मार्चमध्ये बाळ येईल. मग जानेवारीत निळे आले नाहीत, तर ते काय तुझ्यामुळं? सगळे म्हणतील, बिचारीलाही कुठं ठाऊक होतं. आणि घर घेतलेला माणूस लगेच उठून जात नाही. काही ना काही काम शोधेल. राहील.

राहील, या एका शब्दाभोवती मी तीन दिवस घिरट्या घालत होते. गुपित पाळते आहे, असं स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर मी पोराला जाळ्यात धरत होते, आणि जाळं गावानंच माझ्या हातात दिलं होतं. इतकी लबाड मी आहे हे मला या वयात कळलं, आणि लाज वाटली. तरी बुधवारीसुद्धा मी ईसाकला फोन केला नाही.

गुरुवारी दोघं आली. गुरुवार म्हणजे आमच्यात वाटाण्याचं सूप, वर वाटलेली मोहरी, आणि मागून पॅनकेक. दुपारी दोनलाच अंधार पडला होता. तूवानं बूट काढले, पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली आणि ओस्कार्सनांच्या घराबद्दल बोलायला लागली. कोणती खोली बाळाची, कोणत्या भिंतीला पिवळा रंग. मी चुलीपाशी उठले, बसले, पुन्हा उठले.

"मायलिस, तू बस ना जरा," ती म्हणाली. "भोवऱ्यासारखी फिरतेस."

"मोहरी राहिली."

"मोहरी समोर आहे तुझ्या."

ईसाक सूप ओरपत होता. "पंपावर हाल्वारकाका भेटला. म्हणतो, वाटाणा बंद. म्हटलं, काका, कंपनीच म्हणते अजून काही ठरलं नाही, आणि तुला पंपावर बसून कळलं? शिवाय काही असतं तर आईनं सांगितलं असतं."

तूवा हसायला लागली. "तुझी आई? तिच्या पोटातून साधी पाककृती बाहेर येत नाही. या सूपात काय घालते, ते तीन वर्षं विचारतेय मी."

"गाड्यांचं नसेल सांगितलं कुणाला," ईसाक म्हणाला, "पण मला सांगितलं असतं." आणि पाव मोडून ताटली पुसायला लागला. लहानपणी पुसायचा तशीच, कडेकडेनं.

त्यानं संशयानं विचारलं असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. पण तो विचारतच नव्हता. त्याला खात्री होती.

"साठ," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला. तूवा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. "काय साठ?"

"बर्फ," ईसाक म्हणाला. "निळ्यांनी साठ मागितलाय." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "आपल्या तळ्यावर साठ होत नाही, तूवा."

"मग?"

"मग निळे येत नाहीत."

चुलीवर तवा तापत होता. मी तो बाजूला सारला. ईसाकनं पाव ताटलीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"एकहार्ट कधी येऊन गेला?"

"रविवारी."

"आज गुरुवार आहे, आई."

तो मोठ्यानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

"हो," मी म्हटलं. "तुम्ही इथं राहावं असं मला वाटत होतं. म्हणून नाही सांगितलं. सहीमुळं नाही, गावामुळं नाही. पाळणासुद्धा पुसून ठेवलाय मी."

तूवाचे डोळे भरले, पण आवाज भरला नाही. "आणि उद्या आम्ही सही केली असती? यानं बंदर सोडलं असतं?"

ईसाक उठला, खिडकीपाशी गेला. अंगणात माझी हिरवी गाडी वायर लावून उभी होती, तिच्यावर बारीक बर्फ साचत होता. तिथूनच त्यानं बँकेत फोन केला आणि उद्याचं रद्द केलं. दोन वाक्यांत. बंदराबद्दल कुणाला काहीच सांगायला लागलं नाही, कारण तिथं अजून काही सांगितलेलंच नव्हतं. तेवढं वाचलं.

पॅनकेक कुणी खाल्ले नाहीत. मी डब्यात भरून तूवाच्या हातात दिले, तिनं घेतले. ल्युलिओ लांब आहे, रस्ता निसरडा आहे, असं काहीतरी मी म्हणाले. तूवा गाडीत जाऊन बसली. ईसाक दारात बूट चढवत होता. नाडी बांधून झाली तरी वाकूनच राहिला, आणि मग वर न बघता, गावातलं कुठलंही पोर म्हणेल तसं म्हणाला, "मी काही ऐकलं नाही, आई."

मला वाचवायला म्हणाला तो. बाहेर कळलं असतं तर सहीपायी माझ्यावर आलं असतं. आता मी माझं वाक्य म्हणायचं, आणि गोष्ट मिटायची. आयुष्यभर ते वाक्य मी झोपेतही म्हटलं असतं.

"ऐकलंस तू," मी म्हटलं. "मी बोलले. उशिरा बोलले, पण बोलले."

त्यानं वर पाहिलं. मग दारातून परत आत आला, बूट घातलेलेच, माझ्या पुसलेल्या फरशीवरून, आणि भिंतीशी ठेवलेला पाळणा उचलून बाहेर घेऊन गेला. मी दार उघडं धरलं. गाडीत पाळणा मागच्या सीटवर नीट बसेना. तूवा उतरली, आणि दोघांनी मिळून तो आडवा करून बसवला.