दोन खुणांचा बाण

मी एक जुना भाता आहे आणि माझा कुणावरही पटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, तुमच्यावरही नाही. गोष्ट खुशाल ऐका, पण हात जरा लांब ठेवून ऐका. माझ्या पोटात विषाचे बाण असतात. कुणाचा हात माझ्यात कशाला जातो, हे पाहण्यातच माझं आयुष्य गेलं आहे.

कालाहारीच्या वाळूत बो नावाच्या शिकाऱ्याने मला घडवलं. काटेरी झाडाचं मनगटाहून जाड मूळ त्याने खणून काढलं, निखाऱ्यांवर शेकलं आणि ठोकून ठोकून सालीतलं लाकूड सरकवून काढलं. उरली ती पोकळ नळी म्हणजे मी. दोन्ही तोंडं ओल्या तातीने आवळली, बुडाला आणि झाकणाला हरणाचं कातडं चढवलं. त्याला तीस पावसाळे तरी झाले. एकदा तरसाने माझं झाकण खाल्लं, पण मला तडा गेला नाही. पाहुणे मला उलटसुलट करून म्हणायचे, काय टिकलाय भाता! मला ते आवडायचं नाही. जो फार वाखाणतो त्याला वस्तू हवी असते.

पुढे बो म्हातारा झाला, गुडघे गेले, तेव्हा त्याने मला मुलाच्या, काशेच्या, खांद्यावर दिलं. बाण करणं मात्र त्याने सोडलं नाही. आमच्याकडे शिकार मारणाऱ्याची नसते, ज्याचा बाण त्याची असते. मांस वाटतो तो बाणवाला. म्हणून शिकारी स्वतःचे बाण दुसऱ्यांना देतो आणि दुसऱ्यांचे घेऊन हिंडतो. बो दिवसभर झाडाखाली बसून असायचा, पण त्याच्या बाणाने जनावर पडलं की सगळे त्याच्याभोवती जमायचे आणि तो ज्याचा त्याचा वाटा हातावर ठेवायचा. त्या दिवशी तो पुन्हा शिकारी व्हायचा. म्हातारपणात त्याच्याकडे एवढंच उरलं होतं.

त्या साली माझ्यात दोनच बाण होते. देठावर, म्हणजे मागच्या काडीवर, तीन रेघा होत्या तो म्हाताऱ्याचा, आणि एक खाच होती तो दाबेचा. दाबे हा म्हाताऱ्याचा जावई, चुकोचा नवरा. आमच्या रीतीप्रमाणे तो सासऱ्याकडे राहून शिकारीला हातभार लावत होता. त्याने आपला बाण काशेला देऊन दोन हिवाळे झाले होते, पण काशेने तो एकदाही सोडला नव्हता. काशेची बोटं आत यायची, खाचेवर थांबायची आणि रेघांकडे सरकायची. मारून झालं की टोक धुऊन, नवं विष लावून म्हाताऱ्याचाच बाण परत यायचा. कुठंतरी पाणी मुरत होतं. मेहुणा दाजीला वर येऊ देत नाही, असं मी मनाशी धरलं.

दाबेलाही तेच वाटत होतं. एकदा सगळ्यांदेखत तो म्हणाला, “मेव्हण्या, माझा बाण तुला पाठ खाजवायला दिलेला नाही.”

काशे हसला. “दाजी, येईल की त्याची पाळी.”

“माझ्या पोरीला दात आले, ती चालायला लागली, तरी पाळी येईना.”

मग एका दुपारी सगळे सावलीत झोपलेले असताना दाबे माझ्यापाशी आला. मी सावध झालो. त्याने दोन्ही बाण बाहेर काढले. आमच्या बाणाचं टोक वेगळं आणि बोरूचा देठ वेगळा असतो. बाण लागला की देठ गळून पडतो, विषाचं टोक आत राहतं. टोकावरही मालकाची खूण असतेच. दाबेने जपून दोन्ही टोकं काढली आणि अदलाबदल करून बसवली. आता काशे देठ चाचपून म्हाताऱ्याचा बाण म्हणून सोडणार, मांसातून निघणार दाबेचं टोक आणि वाटायचा मान दाबेचा. चोर, मी मनात म्हटलं. पण भात्याचं तोंड फक्त गिळायला असतं.

तिसऱ्या दिवशी काशेने एका मोठ्या कुडू हरणाच्या पोटात बाण मारला. देठ पडला, त्यावर तीन रेघा होत्या. विष भिनायला वेळ लागतो, म्हणून काशे आणि दाबे दुसऱ्या सकाळी मागावर निघाले. दोन दिवस चालले. कुडू थकेना, उलट वाटेत पाला खात गेलेला दिसे. शेवटी माग कातळावर हरवला आणि दोघे रिकाम्या हातांनी परतले.

बोने देठ मागून घेतला. बराच वेळ रेघांवरून अंगठा फिरवला.

“हात थरथरतो माझा,” तो म्हणाला. “विष नीट लागलं नसेल. आता माझा बाण नेत जाऊ नका.”

त्याने अळ्यांची पिशवी राखेत ओतली. त्याच अळ्यांचं विष करतात. त्या दिवसापासून तो पाठ फिरवून बसू लागला. लेक चुको बिया भाजून पुढे ठेवायची, त्या तशाच राहायच्या. मला त्याचं फार वाईट वाटलं. दाबे मान खाली घालून जेवायचा. हरणाच्या अंगात गेलेलं टोक आपलं होतं हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने ते कबूल केलं नाही.

आठ दिवसांनी, दुसरा बाणच नाही म्हणून, माझ्यात उरलेला खाचेचा बाण घेऊन काशे निघाला, तर दाबेच आडवा आला. “तो नको नेऊस.”

“दोन हिवाळे भुणभुण लावलीस, दाजी. आणि आता नको?”

दाबेने बाजूला होऊन वाट दिली. काशे गेला. या वेळचा कुडू दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आतच पडलेला सापडला. सगळे उचलायला गेले. आमच्यात शिकाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून शिकारीला नावं ठेवतात. चुको म्हणाली, “या हाडांच्या पिशवीसाठी एवढी पायपीट? घरी बसून कातडं चावलं असतं.” हसत हसत मांस वस्तीवर आणलं, बोसमोर फाडलं आणि टोक निघालं. त्यावर तीन रेघा होत्या. काशेच्या हातातल्या देठावर एक खाच होती.

सगळ्यांनी दाबेकडे पाहिलं.

“मी बदलली टोकं,” दाबे म्हणाला. “मामा, तुमचं विष चांगलं होतं. निकामी निघालं ते माझं.”

काशेने खाली बघत सांगितलं, “मला ठाऊक होतं. पहिल्याच हिवाळ्यात मी त्याच्या हातचं विष दुसऱ्याच एका टोकाला लावून लहान हरणावर मारून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मजेत चरत होतं. चारचौघांत दाजीची लाज जाऊ नये म्हणून बोललो नाही.”

बो मुलावर चिडला. “तू त्याची लाज राखलीस. आठ दिवस मी मेलो.”

मग त्याने सुरी मागितली आणि मांस वाटायला घेतलं. पहिला वाटा चुकोच्या हातात दिला. दाबेला तो म्हणाला, “तू वस्तीजवळच्या वाळक्या अळ्या घेतोस. उद्या मला पाठीवर घे, ताज्या अळ्यांचं झुडूप मी दाखवतो. खणायचं तू, पिळायचं तू. माझा हात काही आता थरथरायचा थांबत नाही.”

मित्रांनो, मी दोघांवर नजर ठेवली, दोघांवर संशय घेतला आणि माझ्या संशयाने म्हाताऱ्याच्या तोंडी एक घासही गेला नाही. मला पावसाळ्याआधी चरबी चोळा, वाळवीपासून दूर टांगा, मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. पण ज्याचा बाण तुम्ही नेत नाही, त्याला का नेत नाही ते तोंडावर सांगा. तो रागावेल. रागावू द्या.